आकडा वहिनीचा मोठा, गोळी मात्र दादाला: कोलेस्टेरॉलचं औषध घ्यायचं की नाही, हे ठरतं कसं?

श्रावणातल्या एका रविवारी नाशिकला दादाकडे जेवायला गेले होते. ताटं उचलली गेली तरी टेबलावर दोन कागद तसेच पडून होते. दोघांनी मिळून रक्ततपासणीचं पॅकेज घेतलं होतं, त्याचे रिपोर्ट. वहिनीच्या कागदावर एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात ते, १६२, दादाच्या कागदावर १५२. दोन्ही आकडे ठळक छापलेले, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले, दादाला गोळी लिहून दिली आणि वहिनीला म्हणाले, "तीन महिने खाण्याकडे लक्ष द्या, मग परत तपासू."

वहिनीनं मला विचारलं, "माझा आकडा मोठा आहे ना? मग गोळी ह्यांना का?"

दादा आठ दिवस ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरत होता. त्याचं म्हणणं वेगळंच. "मला काहीच होत नाहीये. आज सकाळीच पांडवलेणी चढून आलोय. आत्तापासून कशाला गोळ्यांच्या मागे लागू?"

दोघांचेही प्रश्न रास्त होते. ऑफिसची तपासणी, विम्याची तपासणी, सोसायटीतलं शिबिर, कुठून ना कुठून हा कागद आता घरोघरी येतो. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर दोन निरोप येतात. एकात लिहिलेलं असतं की चाळिशीनंतर प्रत्येकानं गोळी घ्यावी, दुसऱ्यात असतं की कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांचा बनाव आहे. मी डॉक्टर नाही, पण अशा विषयांवर वाचत-लिहीत आले आहे. त्या दुपारी त्या दोघांना जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडते.

कोलेस्टेरॉल म्हणजे मुळात काय

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे आणि तो शरीराला लागतोच. पेशींची आवरणं, पित्त, कितीतरी हार्मोन्स, ड जीवनसत्त्व, सगळ्यांना तो हवा असतो. त्यातला बहुतेक भाग आपलं शरीरच, त्यातही यकृत, तयार करतं, ताटातून येणारा वाटा त्यामानानं लहान. म्हणून काटेकोर जेवणाऱ्या, सडपातळ माणसाचाही आकडा वाढलेला असू शकतो. त्यात त्याची काही चूक नसते.

मेण पाण्यात विरघळत नाही, तसं कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. ते बारीक गोळ्यांमध्ये भरून फिरवावं लागतं. एलडीएल म्हणजे यकृताकडून निघालेला माल घेऊन गावभर फिरणारा टेम्पो. टेम्पो फार झाले की ते नको तिथे, रक्तवाहिनीच्या भिंतीत, माल उतरवून ठेवतात. एचडीएल म्हणजे घंटागाडी, उरलंसुरलं गोळा करून परत नेणारी. ट्रायग्लिसराइड हे कोलेस्टेरॉल नव्हे, ती रक्तातली साधी चरबी. गोडधोड, मैदा, दारू आणि पोटाचा घेर यांच्याबरोबर ती वाढते.

एचडीएल चांगलं म्हणून त्याच्या भरवशावर मात्र राहू नये. औषधांनी घंटागाड्यांची संख्या वाढवून पाहिली गेली, त्यानं हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून जो आकडा उरतो, तो जास्त कामाचा, कारण त्यात सगळे त्रासदायक कण एकदम मोजले जातात. दादाचं एकूण २२८, एचडीएल ३८, म्हणजे उरले १९०. वहिनीचं एकूण २३६, एचडीएल ५६, म्हणजे १८०. एवढ्या एका वजाबाकीनं दोघांची क्रमवारी उलटली.

परदेशातल्या नातेवाइकांशी आकडे ताडून पाहत असाल तर एक ध्यानात ठेवा. ब्रिटनमध्ये हे मोजमाप वेगळ्या एककात असतं. तिकडचं ४ म्हणजे आपल्याकडचं साधारण १५५. लंडनच्या भाच्याचं "फक्त चार" ऐकून हेवा करू नये.

नळातला क्षार नव्हे, भिंतीतली ओल

रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साठणारा क्षार, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ते थोडं चुकीचं आहे आणि त्या चुकीपायीच "मला काही होत नाही" हा भ्रम टिकतो.

पावसाळ्यात गच्चीचं पाणी भिंतीत मुरतं ते आठवा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. रंग जसाच्या तसा, पण आत ओल सरकत असते. मग कुठेतरी रंगाखाली फुगवटा धरतो आणि एक दिवस नुसता हात लागला तरी पोपडा सुटून येतो. रक्तवाहिनीतही असंच घडतं. एलडीएलचे कण आतल्या अस्तराखाली शिरतात, भिंतीत मुरतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात, तिथेच मरतात. अस्तराखाली चरबीचा आणि सुजेचा एक मऊ फुगवटा तयार होतो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात.

हा फुगवटा वाढून वाट अरुंद झाली की जिना चढताना छातीत दुखतं. पण कित्येकदा वाट फारशी अडलेलीही नसते आणि फुगवट्यावरचा पातळ पापुद्रा अचानक फाटतो. रक्ताला वाटतं जखम झाली. तिथे गुठळी धरते, काही मिनिटांत रक्तवाहिनी बंद. हा हार्ट अटॅक. आदल्या दिवशीपर्यंत हा माणूस टेकडी चढत असतो, त्याचा ईसीजीही व्यवस्थित असू शकतो. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. आमचे बाबा ५१व्या वर्षी गेले, तेही सकाळी फिरून आल्यावर.

किती, यापेक्षा किती वर्षं

ओल एका पावसाळ्यात मुरत नाही. एलडीएलचंही तसंच. आज १५० आहे हा अर्धाच हिशेब झाला. गेली २० वर्षं १५० आहे का आणि पुढची ३० वर्षं राहणार आहे का, हा उरलेला अर्धा.

याचा फार सुंदर पुरावा औषधाच्या प्रयोगातून नाही, निसर्गातून मिळाला. काही माणसांच्या एका जनुकात जन्मतःच असा बदल असतो की त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधल्या अशा लोकांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनीच कमी होतं, पण हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी निघालं. फरक थोडा, पण तो पाळण्यापासून. चक्रवाढ व्याजासारखा तो साठत गेला.

म्हणूनच "साठीला बघू" हा सल्ला सगळ्यांना चालत नाही. त्यात आपण दक्षिण आशियाई. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात आपल्याकडच्या माणसाला पहिला हार्ट अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं, बाकी जगात ते ५९ च्या आसपास होतं.

गोळी आकड्याला नसते, धोक्याला असते

वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. रक्तातला आकडा खाली आणणं हे साधन आहे. टाळायचा असतो तो हार्ट अटॅक आणि पक्षाघात. म्हणून डॉक्टर मनातल्या मनात विचारतात ते असं: या माणसाला येत्या १० वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात व्हायची शक्यता किती? एलडीएल हा त्यातला एक घटक. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू, मूत्रपिंडाचा आजार, घराण्यात कुणाला लवकर झटका आला का, हे बाकीचे. लॅबच्या कागदाला तुमचं वय ठाऊक असतं, पण तुमचे वडील कसे गेले ते ठाऊक नसतं.

तंबाखू म्हटलं की आपण सिगरेट धरतो. मिश्री, गुटखा आणि चुना लावून मळलेली तंबाखूही यात येते, हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. बायकांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सहसा कुणी विचारत नाही: गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, आणि पाळी चाळिशीच्या आतच गेली का. दोन्हींनी पुढचा धोका वाढतो. विचारलं नाही तरी सांगा.

दादा ४८ वर्षांचा, रक्तदाब १३८/८८, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि वडील ५१व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेलेले. वहिनी ४२ची, रक्तदाब ११२/७४, साखर छान, आई-वडील दोघेही सत्तरी ओलांडून ठणठणीत. १० आकड्यांच्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

काहींच्या बाबतीत मात्र एवढं मोजत बसायची गरजच नसते. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला, बायपास झाली किंवा गुठळीमुळे पक्षाघात झाला, त्यांनी गोळी घ्यायची की नाही हा प्रश्नच नाही, ती घ्यायचीच. ज्यांचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांचंही तेच. अशा काही घरांत आनुवंशिक दोष असतो, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला. तिथे भाऊ-बहिणी आणि मुलं यांचीही तपासणी करून घ्यायला हवी. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींनाही गोळीचा सल्ला दिला जातो, एलडीएल फार नसलं तरी.

हृदयरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं, २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कमी धोका असलेल्यांनी एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांनी ७० च्या खाली आणि अति जास्त धोका असलेल्यांनी ५५ च्या खाली ठेवावं, असं म्हटलंय. म्हणजे 'नॉर्मल'ही प्रत्येकाचं निराळं. ही तपासणी उपाशीपोटीच व्हायला हवी असंही नाही, असं त्याच सूचना सांगतात. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तेव्हा डॉक्टर उपाशीपोटी परत करायला सांगतात.

३० टक्के फायदा म्हणजे नेमका किती

दुकानावर '३० टक्के सूट' अशी पाटी लागते. शंभराच्या रुमालावर तीस रुपये वाचतात, दहा हजारांच्या पैठणीवर तीन हजार. पाटी तीच. औषधाचा फायदा सांगतानाही हीच पाटी लावली जाते, आणि नेमकं इथेच भले भले फसतात.

आजवरच्या मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर हिशेब असा निघतो: एलडीएल साधारण ३९ नं उतरलं, तर हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारखे प्रसंग सुमारे एक पंचमांशानं घटतात. दादासारख्या माणसाचं एलडीएल मध्यम डोसनं ५५-६० नं खाली येऊ शकतं. म्हणजे धोका जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

आता रुमाल आणि पैठणी. समजा, एकाचा १० वर्षांचा धोका २ टक्के आहे. तशा १०० जणांनी रोज गोळी घेतली तर १० वर्षांत एखाद्याचाही पुरता प्रसंग टळत नाही. धोका १० टक्के असेल तर १०० मधले तिघे वाचतात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये धोका ३० टक्के धरला तर नऊ जण. गोळी तीच, रोजचा त्रास तोच.

हे कागदावरचं गणित नुसतं नाही. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरोग्यांवरची चाचणी पुरी झाली. पाचेक वर्षांत साधी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्के दगावले, खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधली चाचणी आली. हार्ट अटॅक कधीच न आलेले, पण कोलेस्टेरॉल बरंच वाढलेले ६,५९५ पुरुष. तिथे पाच वर्षांत हार्ट अटॅक किंवा त्यामुळे मृत्यू ७.९ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आला. २.४ टक्के हे थोडं की फार, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. माझ्या मते, ज्याच्या घरात एक खुर्ची अवेळी रिकामी झाली आहे त्याला ते थोडं वाटणार नाही.

काठावरच्या माणसानं काय करावं

खरी घालमेल असते ती मधल्या माणसांची. धोका फार नाही, अगदी कमीही नाही. अशा वेळी दोन तपासण्या मदतीला येतात.

पहिली लायपोप्रोटीन (ए). हे एलडीएलचंच एक चिकट भावंड. ते जन्मतः ठरतं आणि खाण्या-पिण्यानं जवळजवळ बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं की पुरतं. ५० च्या वर म्हणजे धोका वाढलेला, आणि भारतीयांत चारांतल्या एकाचं तसं असतं. नेहमीच्या पॅकेजमध्ये ही तपासणी बहुधा नसते, मागून घ्यावी लागते.

दुसरी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन. जुन्या फुगवट्यांमध्ये कॅल्शियम साठतं, ते यात दिसतं. शून्य आलं तर पुष्कळ जणांना गोळी काही वर्षं पुढे ढकलता येते. पण तंबाखू, मधुमेह किंवा घराण्यात लवकर आलेला झटका असेल तर शून्यावर विसंबून राहायचं नाही. आणि पस्तिशीच्या माणसाला शून्य बहुधा येतंच, कारण मऊ फुगवट्यात अजून कॅल्शियम धरलेलं नसतं.

दादाचं लायपोप्रोटीन (ए) ७२ आलं. हे कळल्यावर त्याचा विरोध बराचसा गळाला. वडिलांच्या अवेळी जाण्याला पहिल्यांदाच एक कारण मिळाल्यासारखं झालं.

ही गोळी करते काय

या औषधांच्या घराण्याचं नाव स्टॅटिन. अॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही आपल्याकडची रोजची नावं. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारी चूल स्टॅटिन मंद करतं. घरात शिजणं कमी झालं की घर बाहेरून डबे मागवतं. तसं यकृत आपल्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारी दारं वाढवतं आणि रक्तातले टेम्पो आत घेतं. रक्तातलं एलडीएल उतरतं, भिंतीतली ओल हळूहळू वाळते, पापुद्रा जाड होतो.

ही दारं शोधून काढणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५चं नोबेल मिळालं. चूल मंद करणारं द्रव्य शोधलं जपानच्या अकिरा एंडो यांनी. सहा हजारांहून जास्त बुरश्या आणि सूक्ष्म जीव तपासून १९७३ मध्ये त्यांना ते सापडलं, तेही क्योतोच्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या बुरशीत. २०२४ मध्ये, नव्वदीत, ते गेले. "केमिकल नको, नैसर्गिक काहीतरी द्या" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. बाजारात 'रेड यीस्ट राइस'च्या कॅप्सूल नैसर्गिक म्हणून मिळतात, त्यातही स्टॅटिनच असतं. फक्त किती आहे याचा भरवसा नसतो.

स्टॅटिनला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ती रक्त पातळ करत नाही. ते काम अॅस्पिरिनसारख्या औषधांचं, आणि हार्ट अटॅक न आलेल्या माणसानं ते आपल्या मनानं सुरू करणं धोक्याचं आहे, रक्तस्राव होऊ शकतो. काही कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र असतात, म्हणून आपल्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचावं.

"पण त्यानं अंग दुखतं म्हणतात"

ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि गोळ्या बंदही बहुधा याच कारणानं होतात. इंग्लंडमध्ये ६० जणांवर एक अनोखी चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निकाल आले. हे सगळे त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले लोक. त्यांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. रोज किती त्रास झाला त्याला शून्य ते शंभर गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३.

दुखणं खोटं नव्हतं. माणसं खरोखर दुखत होती. पण त्यातलं ९० टक्के दुखणं गोळी घेतल्याच्या धास्तीतून येत होतं, औषधातून नव्हे. निकाल पाहिल्यावर त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

उरतं ते १० टक्के, आणि तेही खरंच असतं. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे दुखायला लागले तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एक दिवसाआड देता येतं. थायरॉइड मंद असेल तर आधी ते तपासलं पाहिजे, कारण त्यानं कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. फार अशक्तपणा येऊन लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. स्नायू विरघळण्याचा हा प्रकार फारच क्वचित होतो, पण झाला तर किडनीवर येतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स स्टॅटिनबरोबर घेतली तर हा धोका वाढतो. म्हणून दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी दवाखान्यात गेलात तरी चालू गोळीचं पाकीट दाखवा.

"साखर वाढते, लिव्हर खराब होतं"

साखरेचं खरं आहे. २५५ माणसांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर त्यांच्यात मधुमेहाचा एक जादा रुग्ण होतो, आणि तो बहुतेक करून आधीच उंबरठ्यावर असलेला. तेवढ्याच माणसांत तेवढ्याच काळात हार्ट अटॅकचे किंवा हृदयविकारानं मृत्यूचे पाचच्या आसपास प्रसंग टळतात. दादा उंबरठ्यावरच आहे, म्हणून डॉक्टरांनी त्याला डोस मध्यम ठेवला आणि साखर दर सहा महिन्यांनी तपासायला सांगितली. त्याचा धोका एवढा नसता तर हाच मुद्दा गोळीच्या विरोधात गेला असता.

लिव्हरची भीती त्यामानानं जुनी. सुरू करण्यापूर्वी एकदा लिव्हरची तपासणी होते. गंभीर इजा इतकी दुर्मीळ निघाली की अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१२ मध्ये ठरावीक काळानं तपासत राहण्याची अट काढून टाकली. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आलं म्हणून स्टॅटिन बंद करायचं कारण नाही. गरोदर असलेल्या किंवा मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या बाईनं मात्र डॉक्टरांशी बोलून सहसा ही गोळी थांबवायची असते.

"नुसत्या खाण्यानं नाही का होणार?"

होतं, पण किती, ते माहीत हवं. मनापासून केलं तर एलडीएल १० ते १५ टक्क्यांनी उतरतं. १६२ चं १४० होईल, १५२ चं ७० होणार नाही.

करायचं काय, तर लोणी, साय, वनस्पती तूप, पाम तेलात तळलेलं फरसाण, आणि चहाबरोबरची खारी-नानकटाई यांना कात्री. वरणभातावरच्या चमचाभर साजूक तुपानं आभाळ कोसळत नाही. रोजच्या तीन-चार चमच्यांनी मात्र आकडा हलतो. खोबरेल तेलानंही एलडीएल वाढतं, हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना कडू वाटलं तरी सांगायला हवं. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल त्याहून बरं, तेही बेतानं. त्याच्या जोडीला डाळी, उसळी, ओट्स, सातू आणि रात्री इसबगोल. यांतला चिकट चोथा आतड्यात पित्ताला धरून ठेवतो, मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. अंड्याचं एवढं भय बाळगायचं कारण नाही. अमेरिकेनं दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा आपल्या २०१५-२०२० च्या आहारसूचनांतून काढली. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून भाळू नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, कुठल्याच.

चालणं, व्यायाम यांनी रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड सुधारतं, एलडीएल फारसं नाही. म्हणून दादाची पांडवलेणी वाया जात नाही, पण गोळीची जागाही घेत नाही. आणि मिश्री-तंबाखू सुटली तर जो फायदा होतो, त्याच्या शेजारी बाकी पुष्कळ गोष्टी लहान वाटतात.

"आमची आजी तूप खाऊन नव्वद वर्षं जगली"

जगली असेल. हेल्मेट न घालता तीस वर्षं स्कूटर चालवून धडधाकट राहिलेली माणसंही आहेत. धोका म्हणजे शक्यता, भाकीत नव्हे. आजीबरोबरचे जे पन्नाशीतच गेले, त्यांच्या गोष्टी सांगायला कुणी उरलं नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हार्ट अटॅक कधीच न आलेल्या माणसाला नव्यानं स्टॅटिन सुरू करावं का, याचा पुरावा मात्र अजून पातळ आहे. तिथे आजोबांची तब्येत, बाकीच्या गोळ्यांचा ढीग आणि त्यांची स्वतःची इच्छा यांना जास्त वजन द्यावं असं मला वाटतं.

"एकदा सुरू केली की सुटत नाही"

सवय लागते म्हणून नव्हे. बंद केली तर काही आठवड्यांत एलडीएल मूळ जागी येतं, एवढंच. "रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद केली" हे मी किती घरांत ऐकलंय! रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे.

सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी परत तपासायचं. पुरेसं उतरलं नाही तर नुसता डोस दुप्पट करून फार हाती लागत नाही, जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. त्यापेक्षा एझेटिमिब ही दुसरी गोळी जोडली तर २० टक्क्यांच्या आसपास उतरतं. ती आतड्यात कोलेस्टेरॉल शोषलं जाऊ देत नाही. वर्षातून दोनदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत, ती महाग, आणि ज्यांना गोळ्यांनी भागत नाही त्यांच्यासाठी. साध्या गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. अॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन दिवसा-रात्री केव्हाही घेतली तरी चालते.

त्या दोन कागदांचं पुढे काय झालं

दादानं गणपती झाल्यावर गोळी सुरू केली. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखल्या. बाटल्यांची ती गोष्ट त्याला आठवली, थायरॉइड तपासलं, ते ठीक निघालं, आणि दुखणं आपोआप गेलं. दोन महिन्यांनी एलडीएल ९१. डॉक्टरांना ते ७० च्या खाली हवंय, म्हणून आता एझेटिमिब जोडायची का, हे बोलणं चालू आहे.

वहिनीचं तीन महिन्यांनी १४१ आलं. गोळी नाही. दिवाळीचा चिवडा तिनं यंदा भाजके पोहे घेऊन जेमतेम फोडणीपुरत्या तेलात केला. पुढची तपासणी वर्षानं. पुढे ते कायम १६० च्या वर राहिलं, किंवा पाळी गेल्यावर वाढलं, तर पुन्हा बसून विचार करायचा, असं तिचं आणि डॉक्टरांचं ठरलंय. दोघांचे कागद तिनं एकाच फाइलला लावलेत, आणि फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात बाबांचं वय लिहून ठेवलंय: ५१. मुलगा पंचविशीचा झाला की त्याची तपासणी करून घेताना ते पान पहिल्यांदा दाखवायचं म्हणून.